उशाशी दोघी

ते साल एकोणीसशे एकोणनव्वद. हृदय उघडून दुरुस्त करतात याचंच तेव्हा लोकांना एवढं नवल, की तेवढा वेळ पेशंटला झोपवतं कोण आणि जिवंत ठेवतं कोण, हे विचारायचं कुणाला सुचत नसे. सर्जनचं नाव गावभर. भूल देणाऱ्याचं नाव पेशंटलाही ठाऊक नसायचं. डोळे मिटायच्या आधी शेवटचा चेहरा त्याचा दिसायचा, एवढंच.

त्या मोठ्या रुग्णालयात हृदयाची भूल मोठ्या बाई देत. उंच, हाडकुळ्या, कानापर्यंत कापलेले पांढरे केस, डाव्या मनगटात कायम एक लाल रबरबँड. वर्षानुवर्षं एकच काम केलेल्या बाई. निवृत्ती जवळ आली होती आणि त्यांच्या मागे त्या जागी उभं राहील असं कुणी नव्हतं. मुळात हृदयाची भूल ही वेगळी शिकायची विद्या आहे हेच पुष्कळांना मान्य नव्हतं. भूल ती भूल, पोटाला काय आणि हृदयाला काय, असं म्हणायचे. बाई भांडभांड भांडल्या तेव्हा कुठे त्या वर्षी दोन वर्षांच्या खास शिक्षणाची एक जागा मंजूर झाली. त्या जागेसाठी बाईंनी चिमणीला हेरलं.

चिमणी त्यांच्याच हाताखाली साधी भूल शिकून तयार झालेली डॉक्टर. तिशीची, संसारी, पण उंचीला इतकी कमी की टेबलाच्या उशाशी उभं राहायला पायाखाली स्टूल लागायचं. कुणीतरी चिमणी म्हटलं आणि ते असं चिकटलं, की पगाराच्या दिवशी कारकूनही तेच नाव पुकारायचा.

"तीन महिने येऊन बघ," बाई म्हणाल्या होत्या. "पटलं तर जागा तुझी. महिनाअखेरच्या शनिवारी हो की नाही ते सांग. उंबरठ्यावर लोंबकळायचं नाही."

आणि चिमणी नेमकी उंबरठ्यावरच लोंबकळत होती.

घरात तर या विषयाचा कीस पडला होता. खाली नवऱ्याचा दातांचा दवाखाना, वर दोन खोल्या. जेवताना पायाखालून दात कोरायच्या यंत्राची घरघर यायची. नवऱ्याचं म्हणणं सरळ होतं. रस्त्याच्या कोपऱ्यावर वीस खाटांचं एक रुग्णालय होतं. तिथले डॉक्टर चिमणीला कधीपासून बोलवत होते. सकाळी दोन हर्निया, एखादं बाळंतपण, दुपारी घरी.

"हृदयाचं शिकलीस की तू एका सर्जनच्या दावणीला बांधली गेलीस," तो म्हणायचा. "तो आहे तोवर तू आहेस. उद्या तो उठून दुसऱ्या गावी गेला तर? कोपऱ्यावर कुणी हृदय उघडतं का? आणि तोवर बाकीच्या कामातला हात गेलेला असेल."

"हात काही जात नाही."

"बरं. बाळंतिणीच्या पाठीत सुई शेवटची कधी घातलीस?"

चिमणीने मनात मोजलं. तीन महिन्यांत एकदाही नाही.

"त्याचं सोड," सासूबाई म्हणाल्या. त्या कापलेल्या भाजीत मान घालून बसल्या होत्या. "जेवायला घरी येणार का, तेवढं सांग."

"आई, सकाळी पेशंट आत घेतला की संध्याकाळच होते."

"म्हणजे तो झोपलेला आणि तू उपाशी. झकास धंदा आहे! आणि नाव कुणाचं होणार? त्या कापणाऱ्याचं."

या कामात काय दिसतं ते चिमणीला शब्दांत सांगता येत नव्हतं. बाकी सगळ्या शस्त्रक्रियांत हृदय चादरीआड असतं. नाडीवरून, कातडीच्या रंगावरून अंदाज करत बसायचं. इथे ते समोर, हातभर अंतरावर. औषधाचा थेंब सोडावा आणि ते कसं आकसतं, कसं उभारी धरतं ते डोळ्यांनी बघावं. प्रश्न विचारावा आणि तत्क्षणी उत्तर यावं, असं तिला दुसऱ्या कुठल्याच कामात झालं नव्हतं. आणि भीतीही त्याचीच वाटायची. चुकलं तर उत्तर तेवढ्याच तातडीने येणार. रोज सकाळी थिएटरच्या दारापाशी तिचं पाऊल अडायचं, आणि संध्याकाळी बाहेर पडताना उद्या पुन्हा यावंसं वाटायचं. हे कुणाला सांगणार? लोक वेडी म्हणतील.

शेवटच्या आठवड्यातल्या गुरुवारी पोहण्याच्या तलावावरच्या एका शिक्षकाच्या हृदयाची झडप बदलायची होती. आदल्या संध्याकाळी चिमणी त्याला भेटायला वॉर्डात गेली. छाती रुंद, आवाज खणखणीत, आणि ओठ मात्र निळसर.

"म्हणजे तुम्ही माझा श्वास बंद करणार?" त्याने विचारलं.

"थोडा वेळ. तेव्हा रक्त बाहेर पंपात जातं, तिथे त्यात ऑक्सिजन मिसळतो आणि परत अंगात येतं. फुप्फुसांना काही कामच नसतं. म्हणून श्वासाचं मशीन बंद ठेवतो."

"आणि परत चालू कोण करतं?"

"आम्हीच."

"नक्की ना? नाही, पोरांना मी शिकवतो, श्वास धरायला कुणीही धरेल. वेळेवर सोडायला डोकं लागतं."

ती हसली. पण जिना उतरताना तिचं हसू कुठल्या कुठे गेलं. दुसऱ्या दिवशी पहिल्यांदाच एक अख्खी केस तिच्या हाती असणार होती.

"आज केस तुझी," सकाळी मोठ्या बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "मी आज तिची मदतनीस. काय हवं-नको ते तिने मला सांगायचं."

"ऐकलं का हो?" पंपूशेठ म्हणाला. "आज चिमणी उडणार, आणि घार खाली बसणार!"

पंपूशेठ म्हणजे पंप चालवणारा तंत्रज्ञ. गोल, टक्कल पडलेला, तोंडाने फटकळ. हृदय थांबलेलं, फुप्फुसं थांबलेली, पेशंट झोपलेला, म्हणजे सगळं गाव झोपलेलं आणि पहाऱ्याला मी एकटा, असं तो नेहमी म्हणायचा. महिन्यापूर्वी त्याच्या पंपाची एक नळी सैल निघाली होती. काही बिघडलं नव्हतं, पण सर्जनने त्या दिवशी त्याची अशी बिनपाण्याने केली होती, की तेव्हापासून तो प्रत्येक नळी ओढून ओढून बघायचा.

सर्जनला सगळे सरकार म्हणत. पाठीमागे. हात सोन्याचे, तोंड तापलेल्या तव्याचं.

त्या थिएटरात मोठ्या बाईंचा एकच नियम होता आणि तो वेदवाक्यासारखा पाळला जायचा. श्वासाचं मशीन ज्याने बंद केलं त्यानेच ते चालू करायचं. मधे कुणी कुणाला सांगून जायचं नाही, कुणी कुणाचं काम उचलायचं नाही. कारण हृदयाच्या केसमध्ये मशीन जाणूनबुजून बंद ठेवायचं असतं, आणि ते बंद आहे म्हणून ओरडणारे भोंगेही जाणूनबुजून बंद करावे लागतात. जे बंद असणंच बरोबर आहे, ते चुकून बंद राहिलं तर सांगणार कोण? दुसऱ्या कुठल्या थिएटरात ही चूक होत नाही. ही फक्त हृदयवाल्यांची चूक.

केस सुरेख चालली. चिमणीने झोपवलं, नळ्या घातल्या, औषधं चढवली. रक्त पंपात वळलं. पंपूशेठने "पूर्ण!" म्हणून आरोळी दिली. म्हणजे सगळं रक्त आता पंपातून फिरतंय. चिमणी तेव्हा औषधाची सुई बदलत होती. श्वासाच्या मशीनचा, काचेच्या नळकांड्यात वरखाली होणारा काळा रबरी भाता थांबला. सरकारांनी जुनी झडप काढून नवी शिवली.

मग परतीचा प्रवास. हृदयात अडकलेली हवा बाहेर काढायला चिमणीने हातातल्या पिशवीने फुप्फुसं फुगवली. सरकारांनी मान हलवली. तिने खटका पिशवीवरून मशीनवर वळवला आणि ती हृदयाकडे बघायला लागली. हृदय चालू झालं होतं. आधी थरथर, मग एकेक ठोका, मग लय. पंपूशेठने हळूहळू पंप कमी केला आणि थांबवला.

"वा," मोठ्या बाई तिच्या कानाशी म्हणाल्या. "बघ कसं उचलतंय. हे बघायला मिळतं म्हणून माणूस या कामात राहतं गं."

चिमणी बघतच राहिली. किती वेळ, ते तिला पुढे कधीच नीट सांगता आलं नाही. थोडाच. मग उजवी बाजू फुगल्यासारखी दिसायला लागली. लय सैलावली. दाब उतरायला लागला. तिने औषध वाढवलं. उपयोग नाही. अजून वाढवलं. बोटाला लावलेला ऑक्सिजन मोजायचा चिमटा गार हातामुळे आधीपासूनच काही दाखवत नव्हता.

"रक्त काळं आहे!" सरकार ओरडले. "पंप! पंप परत चालू!"

पंपूशेठने क्षणात पंप चालू केला. आणि त्याच क्षणी चिमणीच्या खांद्यावरून एक लांब हात पुढे आला. लाल रबरबँड. टक, बटण दाबलं गेलं, आणि काचेतला भाता वर उचलला गेला.

मशीन बंदच होतं. तिने खटका मशीनकडे वळवला होता, पण मशीन झोपलेलं होतं. आणि ते बंद केलेलं तिला आठवतच नव्हतं, कारण ते तिने केलेलंच नव्हतं.

रक्त लाल झालं. हृदय सावरलं. पंप परत थांबवला तेव्हा काही म्हणता काही झालं नाही. पण सरकार पंपूशेठला बोलायला लागले होते.

"तुझा ऑक्सिजन बंद होता. पंप उतरवतानाच काळं रक्त ढकललंस तू अंगात."

"चालू होता, साहेब."

"महिन्यापूर्वी नळी सैल नव्हती असंच म्हणाला होतास! शनिवारच्या बैठकीत बघतो. तुला स्टोअरमध्ये बसवतो, कापूस मोजत."

चिमणी मोठ्या बाईंकडे बघत होती. आता बोलतील, आत्ता बोलतील. बाई पेशंटच्या डोळ्यांच्या बाहुल्या तपासत होत्या. चिमणी औषधांच्या नोंदी लिहायला लागली. बोलायची वेळ एकदा निघून गेली की ती परत येत नाही, आणि जाताना आवाजही करत नाही.

पोहणारा शिक्षक संध्याकाळी शुद्धीवर आला. हात हलवला, पाय हलवले, बायकोला ओळखलं. चिमणी त्याच्या खाटेशी उभी राहून त्याला पुन्हापुन्हा बोटं मोजायला लावत राहिली, तेव्हा परिचारिका म्हणाली, "बाई, आता त्याला झोपू द्या, नाहीतर तो आपल्याला मोजायला लागेल!"

त्या रात्री चिमणीने भात नुसता चिवडला. मोठ्या बाई, ज्यांनी नियम केला, त्यांनीच तो मोडला. केस तिची आणि मशीन बंद करणारा हात त्यांचा; सुई बदलताना डोळ्यांच्या कोपऱ्यातून तो तिने बघितला होता. आणि गप्प बसल्या. पंपूशेठ बिचारा मरतोय आणि या मूग गिळून. अशा माणसाच्या हाताखाली दोन वर्षं काढायची?

शुक्रवारी सकाळी कपडे बदलायच्या खोलीत दोघीच होत्या. मोठ्या बाई टोपीत केस कोंबत होत्या. चिमणीने धीर केला.

"बाई, कालचं..."

"काळजी करू नकोस," बाई आरशातूनच म्हणाल्या. "मी कुणाला सांगणार नाही."

चिमणीला काही उमजेना.

"पहिलीच केस होती तुझी. मशीन बंद केलंस, चालू करायला विसरलीस. होतं. माणूस हृदयाकडे बघत राहतं. पण सरकारना कळलं तर तुला या दारातून आत घेणार नाहीत, आणि मला आता नवी चिमणी शोधायला वेळ नाही. पंपूशेठचं मी बघते. आरडाओरडा होईल, मग विसरतील."

"पण बाई, मी..."

"आभार नकोत," म्हणून बाई दार ढकलून गेल्या.

चिमणी बाकावर बसली. म्हणजे त्या स्वतःला वाचवत नव्हत्या, तिला वाचवत होत्या. मशीन बंद करणारा हात आपला होता हे त्यांना ठाऊकच नव्हतं. आणि त्यांना ठाऊक नसेल, तर ते खरं कशावरून? तिने डोळे मिटून ते दृश्य पुन्हा उभं केलं. पंपूशेठची आरोळी, हातात सुई, डोळ्यांच्या कोपऱ्यात काहीतरी लाल. रबरबँड? की रक्ताची नळी? आदल्या दिवशी शपथेवर सांगितलं असतं. आज सांगता येईना. जितकं आठवावं तितकं ते पुसट व्हायला लागलं, आणि दुपारपर्यंत तिला स्वतःचाच हात त्या बटणाकडे जाताना दिसायला लागला.

तुम्हीच बंद केलंत, असं बाईंना म्हणावं तर कृतघ्नपणा, आणि पुरावा काय? आपली चूक म्हणून कबूल करावी तर जागा गेली. गप्प बसावं तर पंपूशेठ गेला. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे उभं राहायला स्टूलसुद्धा नाही.

दुपारी ती पंपाच्या खोलीत गेली. पंपूशेठ जमिनीवर बसून नळ्या जुळवत होता. एरवी तिला बघून काहीतरी फेकायचा. आज नुसतं "या" म्हणाला.

"ऑक्सिजन चालू होता ना?" तिने विचारलं.

"होता."

"मग रक्त काळं का झालं?"

त्याने हातातली नळी खाली ठेवली. "बाई, खरं सांगू? काल तिथे मला काही कळलं नाही. माझंच काही चुकलं असणार असं वाटलं. घरी जेवायला बसलो आणि कानात आलं. पंप उतरवला की त्या शांततेत भात्याचा फसफस आवाज येतो. काल तो नव्हता."

चिमणी त्याच्यासमोर खाली बसली. "मग सांगा ना तसं सरकारना!"

"मी? सैल नळीवाला?" तो हसला, पण ओठांतल्या ओठांत. "मी सांगितलं तर जीव वाचवायला डॉक्टरांवर ढकलतोय म्हणतील. तुमच्यातल्या कुणी सांगितलं तर गोष्ट वेगळी. पण मी सांगा म्हणणार नाही. तुमची ती जागा आहे ना. तुम्ही नसलात तर बाईंच्या मागे दुसरं कोण आहे?"

बंद कुणी केलं होतं, हे विचारायचं तिच्या ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. 'तुम्ही' असं उत्तर आलं असतं तर?

घरी तिने सगळं सांगून टाकलं. नवऱ्याने बराच वेळ चमचा ताटाच्या कडेवर वाजवला.

"माझा सल्ला घेऊ नकोस," तो शेवटी म्हणाला. "तू बोललीस तर जागा जाईल, आणि मला तेच हवंय. म्हणजे माझ्या तोंडून निघेल ते चांगलंच असेल, पण कारण वाईट असेल."

"वकील व्हायचं सोडून दात कशाला उपटत बसलास रे?" सासूबाई म्हणाल्या आणि चिमणीकडे वळल्या. "मला तुमचं ते मशीन कळत नाही. मला एवढंच कळतं, की चोर सोडून संन्याशाला फाशी चाललीय. चोर कोण ते नंतर ठरवा. संन्याशाला आधी सोडवा."

शनिवारची बैठक एका लांबट खोलीत भरायची. खिडक्या बंद, टेबलावर चहाचे कप, भिंतीवर हृदयाचं चित्र. सरकार मधे, उजवीकडे मोठ्या बाई, भिंतीकडेला पंपूशेठ. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता.

सरकारांनी सुरुवातच केली. "गुरुवारची केस. पंप उतरवताना रक्त काळं. कारण उघड आहे. याला मी पहिल्यांदा सांगितलं होतं..."

"रक्त काळं झालं कारण फुप्फुसांत हवा जात नव्हती."

आवाज आपलाच आहे हे चिमणीला वाक्य संपल्यावर कळलं. ती उभी होती. सगळे तिच्याकडे बघत होते. मोठ्या बाईंनी कप बशीत ठेवला.

"श्वासाचं मशीन बंद होतं," ती म्हणाली. "मी खटका वळवला, पण भाता हलतोय का ते बघितलं नाही. केस माझी होती. पंपाचा ऑक्सिजन व्यवस्थित चालू होता. पंपूशेठचा यात काही संबंध नाही."

सरकार खुर्चीत मागे रेलले. त्यांचा आवाज चढला नाही, आणि ते जास्त भीतिदायक होतं. "आणि तुम्हाला हृदयाची भूल शिकायचीय."

आता खाली बसावं की बाहेर जावं ते चिमणीला कळेना.

"थांबा," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांच्या कपाळाला आठी पडली होती. त्या चिमणीकडे नाही, आपल्या समोरच्या टेबलाकडे बघत होत्या. "चिमणे, तू म्हणतेस मशीन बंद होतं. मी बंद केलं, असं नाही म्हणालीस. बंद कुणी केलं?"

चिमणीने भिंतीवरच्या चित्राकडे बघितलं.

"विचारतेय मी. कुणी केलं?"

"मला... आता नक्की सांगता येत नाही, बाई."

"मला येतं," भिंतीकडून आवाज आला. पंपूशेठ उभा राहिला होता. "मी 'पूर्ण' म्हणतो तेव्हा भाता थांबलेला डोळ्यांनी बघतो, मगच पुढे जातो. नेहमीचं आहे माझं. मोठ्या बाई, हात तुमचा होता. चिमणीबाईंच्या हातात सुई होती."

मोठ्या बाईंनी आपला डावा हात उचलून समोर धरला आणि तो दुसऱ्या कुणाचा असावा तसा त्याकडे बघितलं.

"माझा," त्या म्हणाल्या. मग जरा वेळाने, "हो. असणार. तो 'पूर्ण' म्हणाला की हा जातो. मला विचारत नाही." त्या सरकारांकडे वळल्या. "म्हणजे नियमाप्रमाणे चूक माझी. आणि वर मी दोन दिवस या पोरीला मोठ्या मनाने क्षमा करत फिरतेय!"

हसावं की नाही ते कुणाला कळेना. पंपूशेठच हसला, आणि मग त्यालाच खोकला आला.

सरकारांनी चष्मा काढून पुसला. "दोघींची," ते म्हणाले. "एक बंद करून विसरली, दुसरी न बघता खटका वळवून मोकळी झाली. आणि रक्त काळं दिसल्यावर मी फुप्फुसांकडे बघितलंच नाही." एवढं बोलायला त्यांना किती जड गेलं ते त्यांच्या मानेवरून दिसत होतं. पंपूशेठला ते काही म्हणाले नाहीत. फक्त चहाचा एक कप त्याच्याकडे सरकवला. त्या माणसाची क्षमायाचना ती तेवढीच. "सहा महिने हिला एकटीला ठेवायचं नाही. पुढची केस."

बैठक संपल्यावर मोठ्या बाईंनी चिमणीला जिन्यात गाठलं.

"आज शनिवार," त्या म्हणाल्या. "हो की नाही?"

चिमणी कठड्याला धरून उभी होती. "बाई, तुम्ही इतकी वर्षं हे केलंत. त्यानेच तुमचा हात आपलाआपण चालायला लागला. माझाही होईल तसा."

"होईल. त्याचसाठी शिकायचं असतं. संकटात विचार करायला वेळ नसतो, तेव्हा हातच धावतो. गुरुवारी बटण चालूही त्यानेच केलं." बाई थांबल्या. "मात्र तोच एखाद्या दिवशी घातही करतो. हे मी तुला आधी सांगायला हवं होतं. मलाच माहीत नव्हतं."

"मला भीती वाटते."

"मलाही. परवापासून जास्त."

चिमणी दोन पायऱ्या वर चढली. आता ती बाईंच्या डोळ्यांना डोळा देऊ शकत होती. "येईन. पण एक अट आहे. केस माझी असेल तेव्हा तुमचे हात खिशात."

"थिएटरच्या गाऊनला खिसे नसतात गं."

"मग मांडीखाली घेऊन बसा."

मोठ्या बाईंनी तिच्याकडे असं बघितलं, की आता काही खरं नाही असं चिमणीला वाटलं. मग त्या म्हणाल्या, "स्टूल लागेल मला. तुझं घेते."

आणि पुढे खरंच तसं झालं. चिमणीची केस असली की मोठ्या बाई कोपऱ्यात स्टुलावर, हात मांडीखाली घालून, शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारख्या बसायच्या. चिमणीसाठी सुताराकडून नवा, चांगला रुंद पाट करून घेतला.

मोठ्या बाई त्यानंतर तीन वर्षांनी निवृत्त झाल्या. भाचीकडे राहायला गेल्या. तिथे बागेत काम करायच्या, पत्रांत फक्त गुलाबांच्या किडीबद्दल लिहायच्या. एका थंडीत न्यूमोनियाने गेल्या.

सरकार नवऱ्याने सांगितल्याप्रमाणेच वागले. एका बड्या खाजगी रुग्णालयाने त्यांना दुसऱ्या शहरात नेलं. जवळजवळ वर्षभर त्या थिएटरात एकही हृदय उघडलं नाही. ते वर्ष चिमणीने कोपऱ्यावरच्या वीस खाटांत हर्नियांना भूल देण्यात काढलं, आणि बाळंतिणीच्या पाठीत सुई घालायला तिला नव्याने शिकावं लागलं. नवऱ्याने 'मी म्हटलं नव्हतं का' हे वाक्य एकदाही उच्चारलं नाही. ते त्याच्या चेहऱ्यावर मात्र वर्षभर होतं. तो सत्तरीपर्यंत दात उपटत राहिला. सासूबाई त्याआधीच गेल्या. शेवटच्या आजारात त्या डॉक्टरांना बजावायच्या, "सून हृदयाची आहे हं माझी, जपून!"

पोहणारा शिक्षक पुढे पुष्कळ वर्षं जगला. तलावाच्या काठावर उभा राहून पोरांवर ओरडायचा. आपल्या केसमध्ये काय झालं होतं ते त्याला चिमणीने घरी सोडायच्या दिवशी सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि पाणी मागितलं. पुढे तपासणीला आला की तो तिच्याशी जरा कमी बोलायचा.

पंपूशेठ गुडघ्यांनी दगा देईपर्यंत पंपावरच होता. त्याचा जावई आता त्याच कामात आहे, दुसऱ्या देशात.

चिमणीने नव्या सर्जनबरोबर पुन्हा सुरुवात केली आणि निवृत्तीपर्यंत हृदयाचीच भूल दिली. हाताखाली पुष्कळ मुलंमुली तयार केल्या. काहींनी मधेच सोडलं, त्यांना तिने अडवलं नाही. पायांच्या शिरा फुगल्या, दोनदा शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्यांदा भूल द्यायला तिचीच एक विद्यार्थिनी आली होती. तिने काय दिलं आणि किती दिलं ते चिमणीने विचारलं नाही. डोळे मिटून घेतले.